कूलरसमोरचे जावईबापू

आशाबाईंनी पोह्यांत मीठ मुद्दाम दुप्पट घातलं होतं. तरी लासूर स्टेशनहून आलेल्या पाहुण्यांनी ते मागून मागून खाल्ले. मुलाचे वडील कडूबा यांनी तर तिसरी बशी संपवून बोटंही चाटली. सोमनाथरावांचा चेहरा पडला. आपली मुलगी पाहुण्यांकडून नापसंत करून घ्यायची, तर माणसाने आणखी करायचं तरी काय?

स्थळ थोरल्या मामांनी आणलेलं. त्यामुळे आपण होऊन नाही म्हणायची सोय नव्हती. आणि प्रेरणाचं तर आधीच ठरलं होतं, तेही थेट नॉर्वेला.

उन्हाळा लागताना तिच्या नावाने परदेशातून एक पाकीट आलं होतं. वर इंग्रजीत ‘रिंग’ असं लिहिलेलं, आत चिमूटभर चपटं बी. पाठवणाऱ्याचा पत्ता नाही. असली पाकिटं हल्ली कुणालाही येतात, हे प्रेरणाने ऐकलं होतं. ती इथेच शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. शिकून मिळवलेलं हे काम तिला जिवापाड आवडायचं, आणि लग्न करून लासूरला गेलं की ते सुटणार होतं. म्हणून आशाबाईंनी, “अंगठी कुणी धाडली गं?” असं विचारलं तेव्हा ती बोलून गेली, “आहे एकजण. नॉर्वेला असतो.”

“मंग अंगठी कुठंय?”

“त्यांच्यात आधी बी पाठवतात. ते उगवून फुललं की मग अंगठी.”

ही थाप पचेल असं तिला स्वतःलाही वाटलं नव्हतं. पण आशाबाई म्हणाल्या, “आपल्यात नाय का घटात धान पेरत?” आणि त्यांनी रंगाच्या रिकाम्या डब्यात बी पेरूनही टाकलं. असलं बी पेरू नका असं पेपरात आलं, तोवर त्याला दोन पानं फुटली होती.

वेल भराभर वाढला. जांभळे देठ, पंजाएवढी पानं. असला वेल गल्लीत कुणी पाहिला नव्हता. आशाबाई त्याला जावईबापू म्हणू लागल्या. ज्या सोमनाथरावांनी जन्मात स्वतःचं पाणी स्वतः घेतलं नव्हतं, ते जावईबापूंना सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागले. थंड मुलखातला जीव, त्याला आपलं ऊन सोसणार नाही, म्हणून त्यांनी कूलरचं तोंड खिडकीतल्या डब्याकडे फिरवलं आणि स्वतः पेपरने वारा घेत बसले. प्रेरणाचा मात्र जीव टांगणीला लागला होता. वेल सुकला तर लासूर. फुलला तर अंगठी कुठून आणायची?

आता पाहुणेही त्याच उकाड्यात घामाघूम बसले होते.

“पोरगी लई तापट हाय आमची,” सोमनाथरावांनी सुरुवात केली.

“असंना का,” कडूबा म्हणाले. “आमचं पोरगं इतकं घोरतंय, शेजारी उठून येतेत.”

“तिला सैपाकाचं काय येत नाय.”

“याचा आमच्या अडतीच्या दुकानावर पाय ठरत नाय. रोज सकाळच्या गाडीनं हिकडं शहरात नोकरीला पळतंय.”

प्रेरणाने हे तेवढं नीट ऐकलं. पण मान काही वर केली नाही. मुलगाही, अभय त्याचं नाव, आल्यापासून फरशी बघत बसला होता. दोन्ही बापांनी आपापल्या लेकरांची अब्रू चव्हाट्यावर मांडली, पण समोरचा काही केल्या रागवेना.

शेवटी अभयची आई सरूबाई पदराने वारा घेत उठल्या. “हा कूलर तिकडं तोंड करून का ठिवला बाई?” म्हणत त्या खिडकीशी गेल्या. पडदा बाजूला सारला. आणि तिथेच खिळल्या.

“अवो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “ही तर आपली सूनबाई.”

“सूनबाई कशाची?” आशाबाईंना राग आला. “जावईबापू हायेत ते आमचे.”

सरूबाई मटकन दिवाणावर बसल्या आणि त्यांनी सगळं सांगून टाकलं. अभयला परदेशातल्या एका मुलीने बी पाठवलं होतं. न्हाणीमागे लावलेला त्याचा वेल हुबेहूब असाच होता. त्या त्याला रोज हळदीकुंकू वाहत होत्या.

“मामांचा शब्द मोडवंना,” कडूबा खाली बघत म्हणाले. “तुमीच नाय म्हणावं म्हणून तीन बशा खाल्ल्या. मीठ लई होतं ओ.”

आता चौकशी होणार, थाप उघडी पडणार आणि दुकान सुटणार, हे प्रेरणाला स्पष्ट दिसलं. सोमनाथरावांनी वेलाचं पान उलटंसुलटं करून पाहिलं.

“बी येक, म्हंजी घर बी येकच,” अखेर ते म्हणाले. “तिकडं ते भाऊ-बहीण असतील.”

कडूबांच्या लेखी सगळा परदेश एकच; त्यांना हे तात्काळ पटलं. “भाऊ तुमचा जावई, बहीण आमची सून. मंग आपण सोयरेच की.”

दोघांनी गळाभेट घेतली. आशाबाईंनी सरूबाईंना कुंकू लावलं, आणि चांगले पोहे टाकायला त्यांना घेऊन आत गेल्या. सोमनाथरावांनी कूलर व्याह्यांकडे वळवला. नॉर्वेला लग्नाला जायचं तर किती माणसं न्यायची, यावर दोघांची चर्चा सुरू झाली.

प्रेरणाने पहिल्यांदा मान वर केली. अभय तिच्याकडेच बघत होता. त्याचे कान लाल झाले होते आणि दाबून धरलेलं हसू त्याला आवरत नव्हतं.

तो जरासा पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, “तुम्ही नॉर्वे सांगितलं होय? मी ब्राझील सांगितलं होतं.”