साहेबांची कंबर

देशाचे सर्वेसर्वा असलेल्या साहेबांची कंबर गेली नऊ वर्षं चौतीस इंच होती. आधीच्या शिंप्याने एकदा खरं माप सांगितलं, आणि तो पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडला नाही. म्हणून या शिंप्याने साहेबांसाठी वेगळीच टेप ठेवली होती. तिच्यावरचे इंच बायकोने चांगले ऐसपैस आखून दिले होते.

आजही त्याने जीव मुठीत धरून टेप गुंडाळली. "चौतीस, साहेब."

साहेब खूश झाले. आरशात बघतच त्यांनी सेनापतींना विचारलं, "शत्रू किती लांब आहे?"

"दोनशे किलोमीटर, साहेब."

सलाम ठोकून सेनापती वळले, तेव्हा शिंप्याला दिसलं, त्यांचा कडक इस्त्रीचा गणवेश घामाने पाठीला चिकटला होता. अगदी त्याच्या स्वतःच्या सदऱ्यासारखा.

तो धापा टाकत घरी पोचला. "पोरांना घे. आत्ताच्या आत्ता निघायचंय."

"अहो, काहीतरीच काय! आत्ताच रेडिओवर सांगितलं, शत्रू अजून दोनशे किलोमीटर लांब आहे."

"अगं, तेही साहेबांसाठीच मोजलंय."