सुवर्णपदकाचा फोटो

टोकियोच्या एदोगावा भागातल्या मुलांच्या ड्रम पथकाचा यंदा स्पर्धेत अकरावा नंबर आला आणि भारतीय पालकांच्या ग्रुपवर सकाळपासून एकच वाद पेटला: जुन्या शिक्षकांना, मोरिता सेन्सेईंना, परत आणायचं की नाही? गेल्या वर्षी त्यांनीच पथकाला सुवर्णपदक मिळवून दिलं होतं. नंतर ते मुलांना मारतात अशी एक निनावी तक्रार आली आणि त्यांना काढून टाकलं. नव्या बाई आवाजसुद्धा चढवत नाहीत.

"गोड गोड बोलून पदकं मिळत नसतात," अवधूतने ग्रुपवर लिहिलं. "कुणाच्या तरी निनावी चिठ्ठीवर आपण सोन्यासारखा माणूस घालवला."

मग त्याने गेल्या वर्षीच्या अंतिम फेरीचा फोटो शोधून काढला. चाळीस मुलं, गळ्यात ड्रम आणि एकूण एक चेहरा हसरा. पहिल्या रांगेत त्याची अबोली, तिचं हसू तर सगळ्यांत मोठं. फोटो टाकून त्याने खाली लिहिलं, "ही मार खाल्लेली मुलं दिसतात का?"

दहा मिनिटांत निम्मे पालक सेन्सेईंच्या बाजूने झाले.

"तुझ्या फोटोने काम केलं बघ!" नाश्ता करणाऱ्या अबोलीसमोर त्याने फोन धरला. "किती खूश होतीस!"

अबोलीने फोटोकडे पाहिलंही नाही.

"स्पर्धेत हसण्याचे वेगळे मार्क असतात, बाबा," ती म्हणाली. "ज्याचं हसू कमी पडायचं, त्याला मार. माझं बसवायला सेन्सेईंना दोन महिने लागले."