पितळी खेचर

“याला इंजिन म्हणतात? खेचर आहे हे, खेचर,” बाबा म्हणाले.

बारकी ओठांत एक छोटा स्क्रू धरून काम करत राहिली. बाबांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. टेबलावर चालणाऱ्या त्या छोट्या आगगाडीचं वरचं पितळी धड वाफेच्या इंजिनाचं, बाबांनी तरुणपणी स्वतः पत्रा कापून, डाख देऊन केलेलं. खालचा सांगाडा मात्र कुठल्याशा खेळण्यातल्या डिझेल इंजिनाचा. मोटर तिसऱ्याच कशातली, आणि दातेरी चाक मोडक्या प्रिंटरमधलं. यातलं कुणी कुणाला ओळखत नव्हतं. बारकीने सगळ्यांना दटावून एका घरात नांदायला बसवलं होतं.

ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. परक्या जबड्यात दात असे बसवायचे की माणसाने निर्धास्त चावावं, हेच तिचं रोजचं काम. म्हणून सांगाडा आणि धड यांच्यात फट राहिली, तेव्हा तिने ती कवळीच्याच गुलाबी मसाल्याने भरून काढली.

“वा, इंजिनाला हिरड्या आल्या,” बाबा म्हणाले. “आता चहाबरोबर बिस्कीट दे त्याला.”

“देईन हो. आधी ते चालू तर होऊ दे.”

गेल्या वर्षी बाबांची उजवी बाजू लुळी पडली होती. तोंडाचा पट्टा तेवढा शाबूत राहिला. बारकीला दुसऱ्या शहरातल्या मोठ्या लॅबमध्ये नोकरी लागली होती. चाळिशीला आलेल्या बाईला असं बोलावणं पुन्हापुन्हा येत नाही. बाबांकडे राहायला आत्या एका पायावर तयार होती. सगळं कसं जुळून आलं होतं. बाबांनीही नाही म्हटलं नाही. फक्त एक अट घातली, “माझं इंजिन एकदा चालू करून दे, मग खुशाल जा.”

एवढंच ना, म्हणून ती हसत कामाला लागली आणि तिथेच फसली. पहिल्यांदा इंजिन मस्त चाललं, पण ती कामावरून परत येते तो मोटर जळालेली. दुसऱ्यांदा चाललं, तर ती भाजी घेऊन येईपर्यंत गिअरच्या दातांचा भुगा. दोन्ही वेळा बाबांनी मान हलवली. “तुझ्या हातालाच यश नाही गं.” आधी तिला राग आला. मग हळूहळू ते खरं वाटायला लागलं. लॅबमध्ये हातातली कवळी झाली म्हणून खाली ठेवायलाही ती कचरू लागली. इकडे नव्या लॅबवाल्यांनी तारीख पुढे ढकलून ढकलून शेवटी स्वच्छ सांगितलं, सोमवारी हजर व्हा, नाहीतर राहू द्या. आज शनिवार होता.

आत्या सकाळीच बॅग घेऊन आली होती. ती आत भांडी लावता लावता पुटपुटत होती, “हा पोरखेळ किती दिवस चालायचा रे दादा?” दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटचा स्क्रू बसला. बारकीने टेबलभर पसरलेल्या रुळांवर खेचर ठेवलं, कंट्रोलर बाबांच्या डाव्या हातात दिला आणि जीव मुठीत धरून उभी राहिली. बाबांनी बटण हळूच फिरवलं. मोटर गुणगुणली. इंजिन हललं, सरळ मार्गावरून गेलं, पुलावर चढलं, वळण घेऊन परत आलं. कुठे अडलं नाही की कुरकुरलं नाही. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

“झकास जमवलंस, बारके,” ते म्हणाले.

असं ते आजवर कधी म्हणाले नव्हते. बारकीला भरून आलं. “तिकीट काढते मग,” एवढंच म्हणून ती फोन आणायला आत गेली.

फोन हातात घेते न घेते तोच बाहेर धाडकन आवाज झाला. ती धावत आली. खेचर फरशीवर पडलं होतं. पितळ चेपलं होतं, सांगाड्याचे दोन तुकडे झाले होते आणि गुलाबी ठिकऱ्या कपाटाखालपर्यंत उडाल्या होत्या.

“वळणावर घसरलं,” बाबा म्हणाले. “तुझ्या हातालाच यश नाही गं. असू दे. पुन्हा जोड, घाई कसली आहे?”

बारकीचं लक्ष कंट्रोलरकडे गेलं. बटण पार शेवटच्या टोकाला नेलेलं होतं आणि बाबांचा अंगठा अजून त्यावर घट्ट होता. मोटर जळाली तेव्हा घरात ते एकटेच होते. गिअर गेला तेव्हाही. तिने वर पाहिलं, तर बाबांनी नजरसुद्धा चुकवली नाही. ही कुठे जाते, अशी त्यांची खात्रीच होती.

“अगं बाई, आता गं?” आत्या दारातून म्हणाली.

बारकी खाली बसली. तिने कपाटाखाली हात घालून ठिकरी न् ठिकरी वेचली. सगळे तुकडे ट्रेमध्ये नीट मांडले. बाबा समाधानाने बघत होते. मग ती उठली आणि तिने तो ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांचा लुळा उजवा हात उचलून घेतला, त्यात स्क्रूड्रायव्हर दिला आणि त्यावर त्यांचं एकेक बोट मिटवलं.

“आता तुम्ही जोडा, बाबा,” ती मायेने म्हणाली. “चालू झालं की फोन करा. मी लगेच येते.”