निरोपाची हातोटी

"आत्तापर्यंत किती संघांनी काढलं तुम्हाला?" बास्केटबॉल संघाचे मालक अण्णासाहेब यांनी विचारलं.

"सहा," उदगीरकर सर म्हणाले. वीस वर्षं प्रशिक्षक असून एकदाही अंतिम फेरी त्यांना बघायला मिळाली नव्हती. "पण कुठंही भांडलो नाही. सत्कार स्वीकारला आणि निघालो."

अण्णासाहेबांचा चेहरा उजळला. "मग या तुम्ही. असाच माणूस हवा होता."

आणि सर चक्क जिंकू लागले. ओळीने नऊ सामने! यंदा चषक घेऊनच घरी येतो, असं त्यांनी बायकोला फोनवर सांगूनही टाकलं. त्याच संध्याकाळी मालकांचं बोलावणं आलं.

"सर, हे काय चालवलंय? तुम्ही चार सामने हरलात की जावईबापूंना तुमच्या जागी बसवायचं, असं लेकीला कबूल केलंय मी. आता कुठल्या तोंडानं काढू तुम्हाला?"

"मग हरू का थोडं?"

"छे छे! अंतिम फेरी तोंडावर आलीय. तुम्ही काही करू नका, मी बघतो."

रविवारी भर मैदानात सरांचा जंगी सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फेटा. "सरांच्या तब्येतीनं साथ दिली असती, तर..." अण्णासाहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला. आपण आजारी आहोत, हे सरांना लाउडस्पीकरवरून कळलं.

खेळाडू रडत होते. जावईबापू गळ्यात शिटी अडकवून उभे होते. माइक हातात येताच सरांना आयुष्यात पहिल्यांदा खणखणीत भांडावंसं वाटलं. पण फेटा बांधलेल्या माणसाला भांडता येत नाही. त्यांनी सर्वांचे आभार मानले आणि अण्णासाहेब खोटे पडू नयेत म्हणून ते दोनदा खोकले.