पूजेच्या दिवशीचं पुस्तक

वसंतपंचमीसाठी बालवाडीला गोष्टीचं पुस्तक निवडायचं होतं. दुकानदाराने दाखवलेली सगळी बाजूला सारून तिथल्या शिक्षिका मधुछंदादीने पळसबनात हरवलेल्या खारीच्या पिल्लाचं, नुसत्या चित्रांचं पुस्तक उचललं.

पूजेला वह्या-पुस्तकं सरस्वतीच्या पायाशी ठेवून पिवळ्या कपड्यांतली पोरं तेवढं एक पुस्तक उघडून बसली. पुरोहित ठाकूरमोशाय कडाडले, "आज वाचायचं नसतं, एवढंही ठाऊक नाही?"

"एक अक्षर सापडू दे, लगेच मिटते," मधुछंदादी म्हणाली.

त्यांनी पुस्तक ओढून घेतलं, पानन् पान धुंडाळलं आणि पुन्हा पहिलं पान उघडलं.

"काय, सापडलं?"

"थांब गं! अक्षर शोधण्याच्या नादात पिल्लू घरी कसं पोचलं, ते बघायचंच राहिलं."