साखरकाकांची भिंत

"आधी यांच्या भिंतीवर फवारा! मग बाकीचं!" बाळाची आई ओरडली.

बाळ तिच्या कडेवर होतं. त्याचा डावा डोळा सुजून पार मिटला होता. पाळण्यात झोपलेलं असताना मुंग्या चावल्या होत्या. मानेवर तर नुसते लाल फोड. बघवत नव्हतं.

शेजारचे साखरकाका आपल्या फाटकात आडवे उभे. हे काका रिटायर्ड ड्रायव्हर, एकटे राहायचे. रोज सकाळी भिंतीच्या कडेला मुंग्यांना चिमूटभर साखर टाकायचे, म्हणून गल्लीने हे नाव ठेवलं होतं. गल्लीत मुंग्या झाल्या त्या यांच्याच लाडाने, यात कोणालाच शंका नव्हती.

"बाळाचं बघून माझाही जीव तुटतो गं पोरी," काका म्हणाले. "पण माझ्या भिंतीला विष लावू देणार नाही."

"आता मुंग्यांना डबे भरून द्या, शाळेत पाठवा!" समोरचा शिंपी म्हणाला.

सगळे हसले. बाळाची आई नाही हसली.

आणि मुंग्यांचा बंदोबस्त करायला जिला बोलावलं होतं ती मुंग्यावाली ताई कुठे होती? खाली! रस्त्यात गुडघे टेकून बसलेली. पाठीवर पंप नाही, हातात नळी नाही. तिच्याकडे काय, तर आइस्क्रीमच्या काड्या! टोकाला पीनट बटर फासलेलं. प्रत्येक दारापाशी तिने एकेक काडी ठेवली होती आणि आता उचलत होती. प्रत्येक काडीवर मुंग्या. तिळाहून बारीक, फिकट केशरी. काकांच्या भिंतीजवळच्या काडीवरही अगदी तशाच.

"बघा! त्याच!" बाळाची आई म्हणाली.

ताईने भिंग लावलं. खूप वेळ बघितलं. मग मान हलवली. "दोन जाती अशा असतात, अगदी जुळ्या बहिणी. मला इथे बसून नक्की नाही सांगता येणार. त्यांनाच विचारू."

"कोणाला?"

"मुंग्यांना."

तिने पिशवीतून एक पसरट डबी काढली. कडेला आतून पावडर चोळली, म्हणजे मुंग्या वर चढत नाहीत. म्हणाली, दोन वेगळ्या घरच्या मुंग्या समोरासमोर आल्या की मारामारी ठरलेली. वासावरून कळतं त्यांना, कोण आपलं आणि कोण परकं.

गल्लीच्या एका टोकाच्या मुंग्या तिने डबीत टाकल्या. मग दुसऱ्या टोकाच्या. सगळी गल्ली डबीवर वाकली.

मुंग्यांनी मिशा मिशांना लावल्या. आणि एकमेकींना चाटायला लागल्या! माहेरी आल्यासारख्या!

"बरं झालं की," शिंपी म्हणाला, "गुण्यागोविंदाने नांदतायत."

ताईचा चेहरा उतरला. "हेच वाईट झालं. या बाहेरच्या आहेत. कुंडीतल्या मातीतून वगैरे येतात. आपसात भांडतच नाहीत, म्हणून आवरत नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीखाली एकच घर आहे. आपण सगळे त्याच्यावर उभे आहोत."

सगळ्यांनी खाली बघितलं. शिंप्याने तर एक पाय उचललासुद्धा.

"आता यांच्या टाका," बाळाची आई काकांकडे न बघता म्हणाली. "कळू दे एकदाचं."

ताईने काकांच्या भिंतीजवळची काडी डबीवर हलकेच आपटली.

अरे, काय सांगू! क्षणभर काहीच नाही. मग एकदम! त्या एवढ्याशा केशरी ठिपक्यांनी झेप घेतली. एकीने दुसरीचा पाय धरला, तिसरी कंबरेला लटकली. गोळे झाले, सुटले, पुन्हा झाले. काकांच्या मुंग्या कमी होत्या. तिप्पट मुंग्या अंगावर आल्या तरी एकही मागे हटेना. पाय तुटलेली एक तशीच ओढत पुढे गेली. आवाज कसलाच नाही. एवढं युद्ध आणि चिडीचूप! बाळसुद्धा रडायचं थांबून एका डोळ्याने बघत होतं.

"या इथल्या आहेत," ताई हळूच म्हणाली. "मूळच्या. डिवचल्याशिवाय चावत नाहीत. या भागात मला वाटलं होतं एकही उरली नसेल."

"मग आमच्याकडे का नाहीत?" बाळाच्या आईने विचारलं.

"असणार. पूर्वी दारोदार असणार. तुम्ही काही फवारता का?"

बाळाच्या आईने बाळाला घट्ट धरलं. मग म्हणाली, "हा झाल्यापासून दर रविवारी. घराभोवती सगळीकडे. याला एक मुंगी शिवू नये म्हणून."

"मीपण फवारतो," शिंपी पुटपुटला.

ताई कोणालाच रागावली नाही. "इथल्या मेल्या. जागा रिकामी झाली. रिकाम्या जागेत या बाहेरच्या शिरल्या. त्या फक्त या भिंतीपाशी अडल्यात. कारण इथे कोणीतरी अजून लढतंय."

काका तिच्याकडे बघतच राहिले. त्यांना तरी कुठे माहीत होतं? त्यांना आपली सकाळी सोबत हवी होती, एवढंच.

"म्हणजे फवारायचं नाही?" शिंप्याने विचारलं.

"अजिबात नाही. फवारलं की राण्या पांगतात, चार ठिकाणी नवी घरं करतात. मी गोड औषधाचे थेंब ठेवणार. सावकाश मारणारं. त्याच उचलून राणीपर्यंत नेतील. सुरुवात बाळाच्या खोलीपासून. आणि काकांच्या भिंतीच्या जवळपास एकही थेंब नको. बाहेरच्या संपल्या की जागा पुन्हा रिकामी होईल. ती कोणाला तरी भरावीच लागेल."

बाळाची आई भिंतीपाशी गेली. खाली बसली. विटांच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली, मिशा हलवत थांबली. बाळाची आई हात आखडून, श्वास रोखून बघत राहिली.

मग तिने मान वर करून विचारलं, "काका, आमच्या दारापर्यंत यायला यांना किती दिवस लागतील हो?"