निळ्या ओळी

"हा बघ, आला तुझा चोर," म्हणत भावानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

ती खुर्ची ओढून बसली. तिच्या गोष्टींच्या वेबसाइटवर कुणीतरी माउस ओढून एक ओळ निवडली होती. निवडलेली ओळ निळी होते आणि त्यावरची अक्षरं पांढरी, तेवढंच. वाचक काय निवडतोय ते इथे दिसावं, असा कोड भावानं कालच लिहिला होता.

"कोण ते मात्र कळत नाही हं, ताई," त्यानं आधीच हात वर केले होते.

प्रकाशकानं तंबीच दिली होती. गोष्टी चोरून कुठे छापल्या गेल्या, तर पुस्तक विसरा. पहिलंवहिलं पुस्तक!

तेवढ्यात बाबा आतल्या खोलीतून आले. भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात गेले, पाणी प्यायले आणि तिच्या समोरूनच परत गेले. हूं की चूं नाही. घरातलं चव्हाट्यावर मांडलंस, तुझं एक अक्षर वाचणार नाही, असं म्हणाले होते ते. राग अजून गेला नव्हता तर. तिनंही हाक मारली नाही. लेक कुणाची!

"करतात काय रे दिवसभर?" तिनं हळूच विचारलं.

"कॉम्प्युटरवर पत्ते खेळतात. पेपरसुद्धा बंद केलाय. म्हणे, बातम्यांत काय राम राहिलाय!"

पडद्यावर पुढची ओळ निळी झाली. मग त्यापुढची. एकही न गाळता.

"कॉपी करतोय?"

"तीच तर गंमत आहे. नुसता निवडतो, थांबतो, पुढे जातो. अख्खी गोष्ट अशीच."

आता ती ओळ आली. आई शेवटची दवाखान्यात निघाली आणि दारातून वळून म्हणाली, "गॅस बंद केलाय ना?" ओळ निळी झाली. निळा रंग गेला. पुन्हा निळी झाली. पुन्हा. बराच वेळ तशीच राहिली.

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. जगात कुणीतरी आपलं लिखाण असं वाचतंय! श्वाससुद्धा हळू घ्यावासा वाटला तिला.

"बाई गं! लिहिताना मीसुद्धा एवढी थांबले नव्हते रे इथे."

"मग? करू बंद? वाचता येईल सगळ्यांना, निवडता कुणालाच येणार नाही."

तिचं मन होईना. पण पुस्तकाचं काय?

"कर," ती म्हणाली.

भावानं बटण दाबलं. निळी ओळ गेली. तो पाणी प्यायला उठला.

आत माउस आपटल्याचा आवाज झाला. मग बाबा दारात आले आणि थेट तिच्याकडे बघत म्हणाले,

"अरे, जरा ये रे. ओळ निळी केली तरच दिसतं मला थोडंफार, आणि आता होतच नाहीये." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ताईला सांगू नकोस हं."